ज्ञानगंगा नगरातील गांडुळांचा इशारा

ज्ञानगंगा नगर गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत, प्रत्येक घराने ओल्या कचऱ्यासाठी गांडुळे पाळावीत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. सभेला अध्यक्ष माधवराव, त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई आणि चहाची किटली घेऊन आलेला माणूस एवढेच हजर असल्यामुळे एकमत होण्यात फारशी अडचण आली नाही. चहावाल्याने हात वर केला तो उष्टे कप मागण्यासाठी; परंतु ते अनुमोदन म्हणून धरण्यात आले.

माधवराव हे निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. उभी नोकरी त्यांनी शाळा तपासण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला काही उरले नव्हते. घरातले डबे तपासून झाले होते. सौदामिनीबाईंना तपासून ‘सुधारणेस वाव आहे’ असा शेरा त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच मारला होता. त्यामुळे गांडुळांकडे ते मोठ्या आशेने पाहत होते.

लातूरच्या त्या वसाहतीत तेव्हा घरमालक खाली राहत आणि वर मुले राहत. दहावीला बरे गुण पडले की पार धर्माबादेपासूनची पोरे सीईटीच्या क्लाससाठी लातूर गाठत. त्यांच्या खोल्या, त्यांच्या मेस आणि त्यांचे उष्टे, या तिन्ही गोष्टींवर वसाहत भरभराटीला आली होती. माधवरावांच्या पहिल्या मजल्यावर यज्ञेश सरांचा जीवशास्त्राचा क्लास होता आणि त्याच्या वर मुलांच्या खोल्या.

गांडुळे आणली सौदामिनीबाईंनी. महिला मंडळाबरोबर शिरूर अनंतपाळला एका शेतावर जाऊन त्या सगळे शिकून आल्या होत्या. निळे प्लास्टिकचे पिंप आडवे कापून त्यांनी जिन्याखालच्या सावलीत ठेवले, तळाला भोके पाडली, खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर मुरलेले शेण आणि वाळका पाला घातला आणि मधोमध मूठभर तांबडी गांडुळे सोडली. वर ओले बारदान. केळीची साल, वापरलेला चहा, मटारच्या शेंगांची टरफले त्या बारीक चिरून घालत. पहिले संपल्याशिवाय दुसरे देत नसत. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवायची, बास. थोड्याच दिवसांत त्यांना त्या पिंपाचा लळा लागला. दुपारी घर झोपले की त्या बारदान उचलून कान लावत. आतून अगदी बारीक सळसळ ऐकू येई. इतकी वर्षे त्यांच्या हातचे जेवण जेवून कोणी एवढासुद्धा आवाज केला नव्हता.

सर्व काही सुरळीत चालले असते. परंतु शेजारच्या वीरण्णाने एका सकाळी कुंपणावरून मूठ पुढे केली.

“सायेब, हे बघा. खत. चहापत्तीवानी मोकळं हाय. आमच्या शरणम्माचं पिंप तयार झालं बी.”

वीरण्णा आडत बाजारातला भुसार व्यापारी. ठरावाचा विरोधक, सभेला तो आलासुद्धा नव्हता. त्याचे खत आधी आणि अध्यक्षांचे नंतर, हे संस्थेच्या दृष्टीने योग्य दिसत नव्हते.

माधवराव आत आले. “आपली गांडुळं मागे का?”

“मागे नाहीत हो,” सौदामिनीबाई म्हणाल्या. “तिच्याकडे म्हशीचं शेण आहे. आपली त्यांच्या गतीने खातायत.”

“त्यांच्या गतीने! सौदामिनी, हे लातूर आहे. इथे कोणी स्वतःच्या गतीने काही करत नाही.”

त्यांनी वर जाऊन यज्ञेश सरांचा सल्ला घेतला. सरांनी आयुष्यात गांडूळ फक्त आकृतीत पाहिले होते, तेही भागांना नावे देऊन. पण निकाल कसा वाढवावा हे त्यांना ठाऊक होते.

“साहेब, क्षमता प्रत्येकात असते. भार कमी पडतो,” सर म्हणाले. “पोर्शन डबल करा. आणि मधे सुट्टी देऊ नका.”

त्या दिवसापासून माधवरावांनी गांडुळांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. पहाटे नाश्ता, मग सकाळचे सत्र, दुपारचे सत्र आणि संध्याकाळी उजळणी, म्हणजे सकाळचेच पुन्हा. घरच्या सालींवर एवढा पोर्शन भागेना, तेव्हा शेजारच्या मेसमधून बादली येऊ लागली. तीत तेलाचा तवंग आलेली वांग्याची भाजी असे, लोणच्याच्या फोडी असत आणि पोह्यांवर पिळलेल्या लिंबांच्या सालींचा ढीग असे. वरून तांब्यावर तांब्या पाणी.

“अहो, लिंबू नाही चालत त्यांना. अंग भाजतं त्यांचं.”

“सवय लागेल. सुरुवातीला सगळेच कुरकुरतात.”

पिंप तापले. त्याला आंबूस वास सुटला. सौदामिनीबाई गुपचूप साली वेचून बाहेर काढत आणि माधवराव त्या परत आत टाकत. अखेर एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, गांडुळांनी जे त्यांच्या जागी कोणीही केले असते तेच केले. ती निघाली. पिंपाच्या कडेवरून, भोकांतून, बारदानाखालून, ओळीच्या ओळी बाहेर पडून भिंतीवर चढली, उंबऱ्यावर आली आणि रस्त्यावर पसरली.

समोरच्या घरातील एका बाईने ते पाहिले आणि किंकाळी फोडली. लोक धावत आले. रस्ता वळवळत होता. कोणीतरी हळूच म्हणाले, “जमिनीतले जीव असे बाहेर येतात ते... त्याच्या आधी येतात ना?”

‘त्याच्या’ म्हणजे कशाच्या, हे लातूर जिल्ह्यात कोणी विचारत नाही. किल्लारीच्या भूकंपाला दीड दशक होत आले होते, तरी ट्रक जोरात गेला आणि भांडी वाजली की माणसे दाराकडे पाहत. सगळ्यांचे चेहरे अध्यक्षांकडे वळले.

माधवरावांना कारण माहीत होते. ते त्यांच्या हातातल्या बादलीतच होते. ‘मी लिंबू जास्त घातले’ एवढे चार शब्द उच्चारले असते तर लोक हसून घरी गेले असते. पण अध्यक्षांचे आदर्श पिंप अध्यक्षांना कंटाळून पळाले, हे रस्त्यावर उभे राहून, तेही वीरण्णासमोर, सांगणे त्यांना जमेना. त्यांनी बादली पाठीमागे धरली, घसा साफ केला आणि गंभीरपणे म्हणाले, “यामागे काही संकेत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

अर्ध्या तासात ज्ञानगंगा नगर रिकामे झाले. समोरच्या मैदानावर सतरंज्या पडल्या, गादीवर म्हाताऱ्या बसल्या, खोल्यांतली मुले सामानासह उतरली. रविवारची चाचणी रद्द झाल्याचे कळताच त्यांच्यात जी आनंदाची लाट उसळली, ती आपत्तीच्या वेळी सहसा दिसत नाही. धर्माबादेहून पालकांच्या जीपा निघाल्याचे फोन आले. यज्ञेश सरांनी परिस्थितीचे गांभीर्य ओळखून विजेच्या खांबाखाली फळा उभा केला व ‘ॲनेलिडा’ हा गांडुळांच्याच कुळाचा धडा घेतला.

तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आले, की वीरण्णाची बायको शरणम्मा किल्लारीची. तिच्याहून मोठा जाणकार वसाहतीत नव्हता. तिला हाताला धरून मध्ये बसवण्यात आले.

“शरणम्मा, तुम्ही सांगा. तेव्हा आधी काय काय झालं होतं? गांडुळं निघाली होती ना?”

शरणम्माने पदर सावरला. मग म्हणाली, “काय बी झालं न्हवतं. आदल्या दिशी गणपती बुडवले. लोकं दमून झोपले. गांडूळ कशाचं, आमच्या गल्लीतलं कुत्रं बी भुंकलं न्हाई.”

“पण काहीतरी... आवाज? वास?”

“न्हाई ओ. मी बाजेवर अंगणात होते म्हणून ऱ्हायले. माय आत होती. वरचं माळवद हातभर मातीचं, भिंती दगडाच्या. तिला भूकंपानं न्हाई मारलं. माळवदानं मारलं.” तिने मान वर करून वसाहतीकडे पाहिले. मजल्यांवर मजले आणि त्यावर पाण्याच्या काळ्या टाक्या. “तुम्ही गांडुळं बघून राहिले. घराचे खांब कुणी बघितले का?”

तो प्रश्न कोणालाच आवडला नाही. खांब सगळ्यांनी बांधताना पाहिले होते, आणि एका मजल्यासाठी घातलेल्या खांबांवर काय काय चढवले तेही पाहिले होते. शरणम्माचे मनापासून आभार मानण्यात आले, तिला चहा देण्यात आला आणि लोक पुन्हा माधवरावांभोवती गोळा झाले.

भूकंप झाला नाही. सकाळी लोक घरी परतले, पण रिकाम्या हाताने नव्हे. भूकंप झाला नाही याचा अर्थ तो टळला, आणि टळला याचा अर्थ तो येणार होता, असे माधवरावांनी समजावून सांगितले. ते सर्वांना पटले, कारण अन्यथा सगळी वसाहत लिंबाला भिऊन मैदानात झोपली, असा अर्थ निघत होता. ‘गांडूळ निरीक्षण उपसमिती’ स्थापन झाली. ज्यांनी गांडुळे पाळण्यास टाळाटाळ केली होती त्यांनीही पिंपे आणली. सकाळ, दुपार, संध्याकाळ उपसमिती घरोघर जाऊन बारदाने उचलू लागली. अंधारात राहणारे ते जीव. दर वेळी उजेड पडला की अंग चोरून तळाशी जात. त्याची नोंद ‘परिस्थिती नियंत्रणात’ अशी होई.

सौदामिनीबाईंनी तोवर आपले पिंप सावरले होते. रस्त्यावरची सापडतील तेवढी गांडुळे त्यांनी खराट्याच्या काडीने उचलून आणली, आंबलेले सगळे फेकून दिले, शरणम्माकडून शेण आणले, चुलीची राख चिमूटभर टाकली आणि माधवरावांकडून बादली काढून घेतली. लग्नानंतर प्रथमच त्यांनी नवऱ्याच्या हातून काही काढून घेतले होते. माधवरावांनी ती दिलीही. गांडुळे आतच राहिली.

इतर पिंपांतली मात्र राहीनात. चाचणीच्या आदल्या दिवशी कुठल्या ना कुठल्या घरची गांडुळे हटकून बाहेर पडत, वसाहत मैदानात जाई आणि चाचणी रद्द होई. वनस्पतिशास्त्राच्या पेपराला तर एकदम पाच घरांतून इशारे आले. भूगर्भातील हालचाली आणि आपले वेळापत्रक यांचा हा संबंध पाहून यज्ञेश सर चक्रावून गेले. वरच्या खोल्यांतली मुले मेसमध्ये जेवताना लिंबाच्या फोडी मागून मागून घेतात आणि साली खिशात घालून वर नेतात, हे मेसवाल्या कस्तुराबाईंच्या लक्षात आले होते. पण पोरांना ‘क’ जीवनसत्त्वाची आवड लागली, याचे त्यांना कौतुकच वाटत होते.

वार्ता वर पोचली आणि एका खात्याचे साहेब पाहणीला आले. खाते कोणते, हे शेवटपर्यंत नीट कळले नाही. पण जीप पांढरी होती. साहेबांना इशारा प्रत्यक्ष पाहायचा होता. जिन्याखाली, आदर्श पिंपासमोर खुर्च्या मांडण्यात आल्या. साहेबांच्या गळ्यात हार पडला. बारदान उचलले गेले. सगळे वाकून पाहू लागले.

गांडुळे टरबुजाची साल खात होती. त्यांना कुठेही जायचे नव्हते.

बराच वेळ गेला. साहेबांनी घड्याळ पाहिले. माधवराव “आलोच” म्हणून आत गेले आणि पाठीमागे काही लपवून परतले. सौदामिनीबाई पिंपाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

“हातात काय आहे?”

“काही नाही. बाजूला हो.”

“लोणच्याची बरणी आहे. मी नाही घालू देणार.”

“सौदामिनी, पाहुणे बसलेत.”

“बसू देत.” त्या वळल्या आणि साहेबांना म्हणाल्या, “साहेब, भूकंपबिकंप काही नव्हतं. यांनी पिंपात लिंबाच्या साली घातल्या, म्हणून ती बिचारी बाहेर आली. सगळीकडे तेच चाललंय. लिंबू घातलं की येतात. नाही घातलं की राहतात.”

वीरण्णाला हसू आवरेना. त्याने उपरण्यात तोंड लपवले. माधवरावांना वाटले, की आत्ता जमीन हादरून आपल्याला पोटात घेईल तर फार बरे होईल.

साहेबांनी डोळे मिटून विचार केला. “म्हणजे मॅडम, ती लिंबाने बाहेर येतात.”

“हो.”

“आणि भूकंपानेही येतात.”

“ते नाही माहीत. म्हणजे, कोणालाच...”

“मग लिंबाची कोणती आणि भूकंपाची कोणती, हे शासनाने ओळखायचं कसं?” साहेबांचा आवाज चढला. “ही तर यंत्रणेची दिशाभूल आहे! इतकी गंभीर बाब तुम्ही लोकांनी आजवर दडवून ठेवलीत?”

माधवरावांच्या जिवात जीव आला. “मीही तेच म्हणत होतो, साहेब,” ते म्हणाले आणि त्यांनी बरणी हळूच खुर्चीखाली सरकवली.

अशा रीतीने ज्ञानगंगा नगर लिंबूमुक्त झाले. वसाहतीच्या तोंडाशी उपसमितीचे लोक पिशव्या तपासू लागले. ऐन वैशाखात वसाहतीतले लोक उसाचा रस नुसता प्याले. दारावरच्या लिंबू-मिरचीला, भावनांचा आदर राखून, मिरचीपुरती परवानगी देण्यात आली. वीरण्णाच्या धोतराच्या ओच्यात दोन कागदी लिंबे सापडली, तेव्हा त्याने ती पित्तासाठी असल्याचे सांगितले. तरी त्याच्यावर भूकंप बाळगल्याचा ठपका आला. मुलांच्या चाचण्या मात्र नियमित होऊ लागल्या.

लिंबू गेले, पण उपसमितीची फेरी वाढली. दिवसातून कितीदा तरी बारदान उघडायचे, काडीने ढवळायचे, हालचाल मोजायची. वरून ऊन. एकेका घरातली गांडुळे मरू लागली. माणसे ते उपसमितीला सांगत नव्हती, कारण मेलेली गांडुळे कशाचा इशारा देतात हे अजून ठरायचे होते. ती माती गुपचूप कुंडीत ओतून रिकाम्या पिंपावर लोक बारदान तेवढे ओले ठेवत.

एका दुपारी सौदामिनीबाईंनी आपली गांडुळे घमेल्यात भरली आणि त्या शरणम्माच्या घरी गेल्या. साऱ्या वसाहतीत तेवढे एकच घर बैठे राहिले होते. वीरण्णाने वर मजला चढवायचे नाव काढले की शरणम्मा त्या दिवशी चूल पेटवत नसे, त्यामुळे तो मजला कायमचा राहिला. अंगणात शेवग्याची सावली होती. दोघींनी मिळून खड्डा केला, विटा लावल्या, शेण पसरले.

“वैनी, तुम्ही बी इकडंच या की बसायला,” शरणम्मा म्हणाली. “तिकडं छताखाली मन लागंल का आता?”

सौदामिनीबाई आधी दुपारच्या जाऊ लागल्या. मग त्यांनी एक बाज तिकडे टाकली. मग अंथरूणही नेले.

माधवरावांनी आपले पिंप उघडून पाहिले, ते रिकामे होते. तेवढ्यात उपसमिती आली. माधवरावांनी बारदान टाकले आणि स्वच्छ आवाजात सांगितले, “हालचाल शून्य.”

उपसमितीने दुसऱ्या दिवशी पाहिले, शून्य. आठवडाभर शून्य. साऱ्या वसाहतीत इतके शांत पिंप नव्हते. साहेबांच्या खात्याने त्या घराला ‘संपूर्ण सुरक्षित’ असा दर्जा दिला आणि तशी पितळी पाटी जिन्याशी लागली. पाटी लागल्यावर माधवरावांनी गवंडी बोलावून आणखी एक मजला काढायला घेतला.

सौदामिनीबाई त्या दिवशी कपडे न्यायला आल्या होत्या. त्यांनी जिन्याजवळच्या खांबावर हात ठेवला. गिलाव्याला बोट जाईल एवढी फट होती.

“अहो, पिंप रिकामं आहे.”

“माहीत आहे.”

“मग पाटी कशाची?”

“तू बघ ना,” माधवराव समजावणीच्या सुरात म्हणाले, “रिकामं आहे म्हणूनच तर इतकं शांत आहे.”

सौदामिनीबाईंनी कपड्यांचे गाठोडे उचलले. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या. “वरची मुलं तेवढी खाली झोपवा हो. मुलं दुसऱ्यांची आहेत.”

“दुसऱ्यांची आहेत, म्हणून तर त्यांचे आईबाप खोली बघून घेतात,” माधवराव म्हणाले.

नवा मजला जून सरायच्या आत तयार झाला. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ मुलीला घेऊन खोली पाहायला आले. शरणम्मा रस्त्यात आडवी आली आणि म्हणाली, “दादा, लेकराला वर ठिवू नका. खालचा खांब बघा आधी.” गृहस्थांनी हसून मान हलवली, खेड्यातल्या बाईचे बोलणे म्हणून सोडून दिले आणि जिन्याशी येऊन पितळी पाटी वाचली. मग त्यांनी खोलीला वारा येतो का ते पाहिले, गरम पाणी कधी मिळते ते विचारले आणि यज्ञेश सरांकडे या वर्षी किती मुले मेडिकलला लागली याची दोनदा खात्री करून घेतली. खांबाला टेकूनच त्यांनी आगाऊ भाडे मोजले.

माधवरावांनी त्यांना थंड सरबत दिले. पिळायला लिंबू नसल्यामुळे ते नुसते साखरपाणी होते. पण तुम्ही, म्हणजे ते गृहस्थ तुम्हीच, ते छान झालेय म्हणालात.